वाचकांचे प्रश्न : गंभीर आजारातली घरची देखभाल

गंभीर आजाराच्या माणसाची घरी देखभाल करणाऱ्यांची पत्रं या सदराकडे सतत येतात. त्यातली निवडक पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं वेदनाशमनाचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेविका यांनी मिळून दिली आहेत. औषधांच्या मात्रा स्पष्ट लिहिल्या आहेत, कारण मोघम सल्ला रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही. पण प्रत्येक रुग्णाचं वजन, वय आणि किडनीची स्थिती वेगळी असते. त्यामुळे इथली मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, तो हाडांत पसरला आहे. किमो चालू आहे, तरी कंबर इतकी दुखते की रात्र बसून काढतात. डॉक्टरांनी केस पेपरवर ‘पॅलिएटिव्हला दाखवा’ असं लिहिलं. म्हणजे त्यांनी हात टेकले का? शिवाय आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. — एक वाचक, लालबाग

हात टेकलेले नाहीत, आणि किमोही बंद होणार नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी सेवा, आणि ती कॅन्सरच्या उपचारांबरोबरच चालते. दुखणं, धाप, उलटी, झोप, भीती आणि घरच्यांची ओढाताण याकडे बघणारी वेगळी टीम तुम्हाला मिळते. २०१० मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली, ते कमी खचले आणि सरासरीने जास्त जगलेही. आपल्याकडे मात्र बहुतेक लोक शेवटच्या पंधरवड्यात येतात. त्याआधीचे कित्येक महिने रुग्णाने जे सोसलं, त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं, हे आम्हाला फार टोचतं.

कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या जोडीला रेडिएशनचंही विचारा. हाडातल्या दुखण्याला पुष्कळदा एकाच बैठकीचं रेडिएशन पुरतं. आराम एक ते तीन आठवड्यांत येतो, तोवर गोळ्या चालू ठेवायच्या.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कंबरदुखीबरोबर पाय लुळे वाटू लागले, पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी अडली किंवा संडासवरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सकाळची ओपीडी बघू म्हणून थांबलात तर पाय कायमचे जाऊ शकतात.

मुंबईत कुठे जायचं? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याची गृहसेवा आहे. तिथल्या फाईलवाल्या रुग्णांनी कॅन्सरच्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठी घ्यावी. घरी येऊन मोफत सेवा देणारी पालकेअर ही संस्थाही मुंबईत आहे. घरी सांभाळणं अशक्यच झालं तर वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे. १९८६ मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून घेऊन सांभाळणारी जागा, आणि तिथे राहण्याचे पैसे घेत नाहीत. कोणत्याही गृहसेवेला फोन करताना आधी विचारा : आमच्या पिनकोडला येता का, दर किती दिवसांनी येता, आणि रात्री फोन उचलता का?

पहिल्या भेटीला शेवटचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी आणि स्कॅनचे रिपोर्ट, ताजा क्रिएटिनिनचा (किडनीच्या कामाचा) रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. मागच्या तीन दिवसांत दुखणं कधी वाढलं, कुठे वाढलं आणि शून्य ते दहामध्ये किती होतं हे वहीत लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

यजमानांना मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आहेत, अर्धी अर्धी दर चार तासांनी. नणंद म्हणते सवय लागेल, दीर म्हणतात मॉर्फिन म्हणजे शेवट. म्हणून मी फारच दुखलं तर देते. तरी दुखणं आटोक्यात नाही, आणि आठवडाभर पोट साफ नाही. गोळी जवळच्या मेडिकलमध्ये मिळतही नाही. — एक वाचक, मुलुंड

दुखणं आटोक्यात न येण्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुमारे चार तास राहतो. दुखू लागल्यावर गोळी दिली, तर ती चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, तोवर दुखणं शिगेला पोचतं आणि तीच मात्रा अपुरी पडते. म्हणून ही गोळी घड्याळावर द्यायची, दुखत असो वा नसो. आपल्याकडे रूढ असलेलं वेळापत्रक असं : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीची मात्रा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. यजमानांच्या बाबतीत चार वेळा अर्धी आणि रात्री पूर्ण गोळी, दिवसाचे एकूण ३० मिलिग्रॅम. हे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

मधेच दुखलं तर जादा मात्रा द्यायची असते. ती साधारण दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाएवढी, इथे ५ मिलिग्रॅम. ती दिली म्हणून पुढची ठरलेली मात्रा चुकवायची नाही. प्रत्येक जादा गोळीची वेळ वहीत लिहा. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा ती लागत असेल तर नेहमीची मात्रा कमी पडते आहे. डॉक्टर ती तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढवतात. चालायला किंवा अंघोळीला उठतानाच दुखत असेल, तर जादा मात्रा त्याआधी अर्धा तास द्या.

नणंदबाईंच्या शंकेबद्दल. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्याला नशेची ओढ लागणं क्वचितच घडतं. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने उतरवायचं. अचानक थांबवलं तर घाम, पोटात मुरडा आणि बेचैनी होते. घरचे मग त्यालाच ‘नशा लागली’ म्हणतात आणि औषध पुन्हा द्यायला घाबरतात. रेडिएशनने दुखणं कमी झालं की बऱ्याच जणांची मॉर्फिन कमी होते, काहींची सुटतेही.

दिरांच्या शंकेबद्दल. कमी मात्रेपासून हळूहळू वाढवलेली मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. लोकांना तसं वाटतं, कारण ती शेवटच्या दोन दिवसांत पहिल्यांदा दिली जाते आणि मग मृत्यूचा दोष तिच्यावर येतो.

आता पोटाचं. मॉर्फिनमुळे पोट धरतं, जवळजवळ सगळ्यांचं, आणि हा त्रास सवयीने जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच रेचक हवं. सहसा रात्री बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, लागेल तशा वाढवत. जोडीला लॅक्टुलोज किंवा सोनामुखीचं औषध. इसबगोल देऊ नका. कमी पाणी पिणाऱ्या, झोपून असणाऱ्या माणसात ते आतड्यातच घट्ट होऊन बसतं. आठवडाभर पोट साफ नसेल तर खडा झालेला असण्याची शक्यता आहे. नर्सला बोलावून गुदद्वाराची तपासणी आणि एनिमा करून घ्या. फसवणारी बाब अशी की खड्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, म्हणून ते रेचक बंद करतात आणि खडा आणखी वाढतो. पोट फुगलं, वारंवार उलट्या होताहेत आणि वारा सरत नाही, असं असेल तर रेचक थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा; आतडं अडलेलं असू शकतं.

सुरुवातीला तीन-चार दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती ओसरते. मळमळीवरचं औषध पहिल्या आठवड्यासाठी मागून घ्या. पण नीट चाललेल्या माणसाला अचानक जास्त गुंगी आली, हातपाय झटके देऊ लागले, भिंतीवर किडे दिसू लागले, तर मात्रा अंगात साठते आहे. बहुतेकदा लघवी कमी होणं, ताप, जुलाब किंवा किडनी मंदावणं हे त्यामागचं कारण असतं. पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास आणि हाका मारूनही जाग नाही, तर थेट रुग्णालय. आणखी एक. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी परस्पर आणून देऊ नका. त्याने किडनी बिघडते आणि मग मॉर्फिनही साठते.

सगळं दुखणं एका गोळीचं नसतं. भाजल्यासारखं, करंट बसल्यासारखं दुखत असेल तर ते नसेचं दुखणं आहे. त्याला गॅबापेंटिन, प्रेगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशी दुसरी औषधं जोडावी लागतात. डॉक्टरांना फक्त ‘दुखतंय’ सांगू नका, कसं दुखतंय ते सांगा.

गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, कारण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात परवाने फार किचकट होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं आवश्यक अमली औषधं ठरली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवता आणि देता येतात. म्हणून गोळ्या अशाच केंद्रातून घ्या आणि चार दिवसांच्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा. रविवारी किंवा गणपतीच्या सुट्टीत गोळ्या संपल्या तर मोठी पंचाईत होते. चिठ्ठीची झेरॉक्स गोळ्यांसोबत ठेवा, डबा कुलपात ठेवा, उरलेल्या गोळ्या केंद्रात परत करा. शेजारच्या कुणाला ‘तुमच्याही गुडघ्याला घ्या’ म्हणून देऊ नका.

सासूबाईंना हृदयाचा आणि दम्याचा जुना आजार. कॅन्सर नाही. चार पावलं चालल्या की धाप लागते, रात्री घाबरून उठतात. ऑक्सिजनचं यंत्र आणलंय पण फरक नाही. कॅन्सर नसलेल्यांना ही सेवा मिळते का? — एक वाचक, भांडुप

मिळायला हवी. हृदय निकामी होणं, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), किडनीचा आजार, पक्षाघात, पार्किन्सन, डिमेन्शिया या सगळ्यांत तिची तितकीच गरज असते. मुंबईतल्या काही गृहसेवा अजून फक्त कॅन्सरचे रुग्ण घेतात, ते फोनवरच विचारून घ्या.

धाप आणि ऑक्सिजनची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटावरचं यंत्र ९२-९३ दाखवत असतानाही जीव घाबरा होऊ शकतो, तिथे जादा ऑक्सिजनने फारसं साधत नाही. सीओपीडीमध्ये तर आकडा ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा असतो. घरच्यांनी नॉब वाढवून ९८ वर नेला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस सुस्त होतो.

आधी हे करा. हातात धरायचा बॅटरीचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, गाल आणि नाकाकडे वारा येईल असा धरा. चेहऱ्याच्या नसेला गार वारा लागला की मेंदूला धाप कमी जाणवते. खिडकी उघडी ठेवा, आजूबाजूची गर्दी कमी करा. पुढे टेबल ठेवून त्यावर दोन उशा, आणि कोपर टेकवून पुढे झुकून बसवा. नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ बाहेर. धाप लागलेली असताना हे शिकवू नका, बरं वाटत असताना रोज दोनदा सराव करून घ्या. संडासाला जाणं, अंघोळ आणि जेवण लागोपाठ नको, मधे अर्धा तास विश्रांती.

हृदयाच्या आजारात रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लघवीच्या गोळीची मात्रा डॉक्टरांकडून वाढवून घ्या. एवढ्यानेच पुष्कळदा रात्रीची धाप थांबते. हे सगळं करून भागलं नाही तर मॉर्फिनची अगदी लहान मात्रा काही जणांना उपयोगी पडते, पण ती अनुभवी डॉक्टरांनीच सुरू करायची.

ऑक्सिजनच्या यंत्राबद्दल थोडं. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. मागची जाळी आठवड्याला धुवून कोरडी करून लावा, मुंबईच्या धुळीत ती लवकर तुंबते. यंत्र देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून दूर ठेवा, नाकाला व्हॅसलीन किंवा तेल लावू नका. वीज गेली तर हाताशी हवा म्हणून दीड हजार लिटरचा बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने तो सुमारे बारा तास पुरतो.

भावाला तोंडाचा कॅन्सर. गालाला भोक पडलंय, जखमेला इतका वास येतो की मुलं खोलीत जात नाहीत. परवा जखमेत अळ्या दिसल्या. नाकातून नळी आहे. — एक वाचक, गोवंडी

वास, अळ्या आणि रक्त, तिन्हींवर घरी करता येण्यासारखा उपाय आहे. मुलं खोलीत पुन्हा जाऊ लागतील, एवढी सुधारणा आठवड्याभरात दिसते.

ड्रेसिंग दिवसातून दोनदा. त्याआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी. अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळा, त्यात सपाट चमचाभर मीठ घाला, झाकून गार करा. हे पाणी एका दिवसापुरतंच. महागड्या गॉझऐवजी जुनं सुती धोतर किंवा साडी धुवून, चौकोनी तुकडे करून, डब्यात घालून कुकरमध्ये वाफवलं तरी चालतं. जुनं ड्रेसिंग कोरडं ओढायचं नाही. त्यावर मिठाचं पाणी ओतून दहा मिनिटं भिजू द्या, मग अलगद सुटतं. बहुतेक रक्तस्राव हे कोरडं कापड ओढल्याने होतात. जखम त्याच पाण्याने धुवा, घासू नका. मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड जखमेवर भुरभुरवा. हवा नसलेल्या मेलेल्या मांसात वाढणारे जंतू वास निर्माण करतात आणि ही गोळी त्यांनाच मारते. वर व्हॅसलीनचं पातळ ओलं गॉझ, त्यावर जाड कापड. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सॅव्हलॉन रोज वापरू नका, आग होते आणि चांगली कातडीही जळते. अगरबत्ती आणि फिनेलने वासात वासाची भर पडते. वाटीत कोळशाची पूड खाटेखाली ठेवा आणि खिडकी उघडा.

अळ्यांसाठी टर्पेंटाइन तेल लागतं. ते औषधाच्या दुकानातलं घ्या, रंगाच्या दुकानातला थिनर नको. तेल जखमेत ओतायचं नाही, विशेषतः तोंडात, श्वासनलिकेत गेलं तर घात होईल. गॉझचा बोळा तेलात बुडवून पिळून घ्या आणि जखमेच्या तोंडाशी दहा मिनिटं धरा. अळ्या वर येतात, त्या चिमट्याने काढा. दोन-तीन दिवस असं करावं लागतं. पहिली वेळ नर्सकडून करून घ्या आणि बघून शिका. अळ्या होतात त्या माश्यांनी घातलेल्या अंड्यांमुळे, तुमच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. पावसाळ्यात दिवसाही मच्छरदाणी लावा, जखम क्षणभरही उघडी ठेवू नका.

रक्त आलं तर गडद रंगाच्या टॉवेलने, मरून किंवा तपकिरी, दहा ते पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. मधे उचलून बघायचं नाही. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही फार दिसतं आणि रुग्ण घाबरतो, म्हणून गडद टॉवेल आधीच उशाशी ठेवा. थोडं थोडं रक्त रोज येत असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची पूड लावण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. गळ्याजवळच्या जखमेतून एकदम मोठा रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा काय करायचं, रुग्णालयात न्यायचं की घरीच झोपेचं औषध द्यायचं, हे टीमशी आजच बोलून ठेवा.

नळीतून भरवताना पाठ किमान ४५ अंश उंच, एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, पंधरा-वीस मिनिटांत सावकाश. नंतर ५० मिलिलिटर पाणी आणि अर्धा तास तसंच बसवायचं. गोळी बारीक कुटून पाण्यात विरघळवा. नावापुढे एसआर (हळूहळू सुटणारी) असलेली गोळी मात्र कधीच कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं, आणि ती गोळी मॉर्फिनची असेल तर ते जिवावर बेतेल.

एअर बेड घेतला तरी आजोबांच्या पाठीला जखम झालीच. — एक वाचक, दहिसर

एअर बेडवरही कूस बदलावी लागते, दर तीन-चार तासांनी तरी. साध्या गादीवर दोन तासांनी. गादीत हवा पुरेशी आहे का ते असं बघा : आजोबा झोपलेले असताना माकडहाडाच्या खाली, गादीखालून हात घाला, हाड हाताला टेकल्यासारखं लागलं तर पंप वाढवा. वर एकच पातळ सुती चादर. आपण रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर डायपर असे थर घालतो आणि गादीचा उपयोगच संपतो. मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, कडेने दाब पडून जखम मोठी होते. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढू नका, चादरीसकट दोघांनी उचला. लाल झालेली जागा चोळू नका.

आई तीन दिवस काही खात नाही. डॉक्टर सलाईन लावत नाहीत. उपाशी मारतोय असं वाटतं. — एक वाचक, गिरगाव

तुमच्या मनाची अवस्था आम्हाला समजते. भरवणं हीच आपली माया दाखवायची रीत आहे, त्यामुळे ताट परत जाताना बघवत नाही. पण शेवटच्या दिवसांत शरीराची अन्न वापरण्याची क्षमताच संपत येते. अन्न थांबल्यामुळे मृत्यू येत नाही. मृत्यू जवळ आल्यामुळे अन्न थांबतं. या अवस्थेत भूक सहसा जाणवत नाही. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. सलाईनचं पाणी किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते पायांत आणि फुप्फुसात उतरतं आणि घशातली घरघर वाढते. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल, किंवा आजार अजून इथवर आलेला नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सलाईनचा उपयोग होतो, कातडीखालच्या बारीक सुईनेही देता येतं. तीन दिवस न खाण्यामागे नेमकं कोणतं कारण आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आईला त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा. अर्ध्या लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, बोटाला गॉझ गुंडाळून दर दोन तासांनी जीभ, गाल आणि हिरड्या पुसा. ओठांना खोबरेल लावा, ऑक्सिजन चालू नसेल तरच. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर नारळपाण्याचा बर्फाचा छोटा खडा चोखू द्या. गंगाजल द्यायचं असेल तर चमच्याने घशात सोडू नका, ओठ ओले करा.

घशात घरघर होऊ लागली तर कुशीवर वळवा, डोकं किंचित उंच ठेवा. घशात खोल सक्शन करू नका, त्याने त्रास वाढतो. घशातला स्राव कमी करणारी ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिनची इंजेक्शनं कातडीखाली देता येतात, आणि ती घरघर सुरू होताच दिली तर जास्त लागू पडतात. कोलेस्टेरॉलच्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या आता बंद केल्या तरी चालतात, डॉक्टरांशी बोलून. दुखण्याचं औषध मात्र थांबवायचं नाही. गिळता येत नसेल तर तेच कातडीखालून द्यायला सांगा.

आईला आजार सांगायचा नाही असं भावंडांनी ठरवलंय. ती रोज विचारते. — एक वाचक, विलेपार्ले

रोज विचारते, म्हणजे तिला बरंच काही कळलेलं आहे. आजाराचं नाव जाहीर करायची घाई नको, आधी तिलाच विचारा : “आई, तुला काय वाटतंय, काय झालं असेल?” उत्तर ऐका, मधे तोडू नका. मग, “तुला सगळं जाणून घ्यायचंय, की मी बघून घेऊ?” काही माणसं खरंच म्हणतात, तुम्हीच बघा, त्यांचा तो हक्क आहे. जाणून घ्यायचं असेल तर ती विचारते तेवढंच सांगा, आणि शेवटी काय करता येण्यासारखं आहे तेही सांगा. आजार माहीत नसलेल्या माणसाला दागिने कुणाला, बँकेत सही कुणाची, भाचीला कधी बोलवायचं, हे ठरवता येत नाही. भावंडांची समजूत पटत नसेल तर समाजसेविकेबरोबर सगळ्यांची एक बैठक घ्या.

वडिलांना शेवटी आयसीयू नको आहे. हे लिहून ठेवता येतं का? आणि घरी गेले तर दाखला कोण देतं, पोलीस येतात का? — एक वाचक, बोरिवली

लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात हा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. वडील सज्ञान आणि शुद्धीवर असायला हवेत. कोणते उपचार नकोत, उदाहरणार्थ व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय चालू करणं, डायलिसिस, ते नाव घेऊन लिहा. त्यांच्या वतीने निर्णय कोण घेईल त्याचं नाव घाला. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. प्रती ज्यांचं नाव घातलं त्यांना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिकेला द्यायच्या. मुंबईत वॉर्डांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे कागद सांभाळण्याचं काम सोपवलेलं आहे. रुग्णालयात हा कागद अमलात आणताना तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं तो तपासतात. कागद कपाटात राहिला तर रात्री रुग्णवाहिकेत त्याचा उपयोग नाही. फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा.

आजाराने घरी झालेला नैसर्गिक मृत्यू पोलिसांना कळवावा लागत नाही. आजारात उपचार करणारे डॉक्टर घरी येऊन तपासतात आणि मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ अ भरून देतात. अडचण येते ती इथेच. महिनोन्‌महिने ज्यांनी रुग्ण पाहिला नाही ते डॉक्टर सही करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आत्ताच जवळच्या फॅमिली डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, दर पंधरा दिवसांनी त्यांनी वडिलांना पाहिल्याची नोंद राहू द्या, आणि रात्री-अपरात्री याल का हे स्पष्ट विचारा. ते नाही म्हणाले तर दुसरे डॉक्टर शोधायला अजून वेळ आहे. नमुना ४ अ, मृताचं आधार कार्ड आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र घेऊन स्मशानभूमीत नोंद होते. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. तो विद्युतदाहिनीत फुटू शकतो, म्हणून दहनापूर्वी काढून घेतात.

माझं वीस खाटांचं नर्सिंग होम आहे. कॅन्सरचे रुग्ण मॉर्फिनसाठी परळला जातात आणि अर्धा दिवस रांगेत घालवतात. आम्हाला ती ठेवता येईल का? — एक डॉक्टर, कुर्ला

येईल, आणि उपनगरातल्या आणखी नर्सिंग होमनी हे करावं अशी आमची कळकळीची विनंती आहे. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था होण्यासाठी अर्ज राज्याच्या औषध नियंत्रकांकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा. त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक नोंदणीकृत डॉक्टर हवा. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, काम सांभाळून होतो. अर्जाआधी तो स्वतः करा आणि एका नर्सलाही पाठवा.

साठा दुहेरी कुलपात, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. रजिस्टर त्याच दिवशी भरायचं : आलेला साठा, रुग्णाचं नाव, दिलेल्या गोळ्या, शिल्लक. रोज संध्याकाळी गोळ्या मोजून शिल्लक जुळवा, तपासणीत सगळ्यात आधी तीच बघतात. एका वेळी दोन ते चार आठवड्यांच्या गोळ्या द्या, म्हणजे नातेवाइकांच्या फेऱ्या वाचतील. गोळ्यांबरोबर बिसाकोडिलची पट्टी आणि मराठीत लिहिलेलं वेळापत्रक हातात द्या. आणि एक मोबाइल नंबर असा ठेवा, जो रात्री जागा असलेला माणूस उचलेल आणि ज्याला रुग्णाची मात्रा माहीत असेल.